रुग्ण कुठे आहे आणि मदत कुठे आहे



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या काळात रात्री दवाखान्याचे दार वाजवायला रुग्णाच्या घरचा माणूस येत असे. बैलगाडीने, सायकलने, पुढे मोटरसायकलने यायचा आणि डॉक्टरांना सोबत घेऊनच परत जायचा. निरोप आणणारा आणि वाट दाखवणारा माणूस एकच. त्यामुळे रुग्ण नेमका कुठे आहे, हा प्रश्न डॉक्टरांना कधी पडलाच नाही. आता निरोप क्षणात पोहोचतो, पण वाट दाखवणारा त्याच्याबरोबर येत नाही. आपत्कालीन सेवेच्या पुष्कळ अडचणी इथून सुरू होतात, आणि मोबाइलवरून स्थान ओळखून मदत धाडणाऱ्या यंत्रणा हे माझे कामाचे क्षेत्र असल्याने आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली. त्याआधी २००५ मध्ये हैदराबादेत या क्रमांकाची सुरुवात झाली होती. आपल्याकडे ९३७ रुग्णवाहिका दिल्या गेल्या : २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपकरणांच्या. गाडीत डॉक्टर असेल अशी आपली योजना होती, आणि राज्यभरच्या कॉलसाठी पुण्यात औंधला नियंत्रण कक्ष उभा राहिला. अशा कक्षात कॉल येतो तेव्हा काय होते, ते एका उदाहरणाने पाहू.

डिसेंबरची रात्र आहे. साखर कारखान्यांचा हंगाम भरात आहे. बीडकडून आलेली ऊसतोड मजुरांची एक टोळी सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात कोप्या टाकून राहिली आहे. एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत. तिचा दीर फोन लावतो.

‘दादा, गाव कुठलं?’
‘गाव आमचं बीडकडं, मॅडम.’
‘तसं नव्हे, आत्ता कुठं आहात?’
‘इथं फडात हाय, कारखान्याकडं.’
‘कुठला कारखाना? तालुका कुठला?’
‘थांबा, मुकादमाला इचारतो.’

मुकादम ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेलेला असतो. शेताच्या मालकाचे नाव कोणाला ठाऊक नाही, कारण फड चार दिवसांपूर्वीच बदलला आहे. गावाचे नाव कळले, तरी राज्यात वडगाव किती आणि पिंपळगाव किती याचा विचार करा. तालुका, मोठा रस्ता, जवळचे देऊळ, ओढ्याचा पूल असे एकेक विचारत कॉल घेणारी मुलगी त्या फडापर्यंत पोहोचण्याची धडपड करते. तिचे काम अतिशय कौशल्याचे आहे. पण ही मिनिटे रुग्णाच्या वाट्यातून जात असतात. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत बाईचा जीव घेऊ शकतो.

हा प्रश्न एकट्या आपला नाही. अमेरिकेत ९११ क्रमांकावरचा पहिला कॉल १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून झाला. तेव्हाचे टेलिफोन भिंतीला जोडलेले होते. तार कुठे जाते हे एक्स्चेंजला माहीत, म्हणजे पत्ता माहीत. मोबाइल आले आणि पत्ता हरवला. म्हणून १९९६ पासून तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपन्यांवर बंधने घालायला सुरुवात केली : हँडसेटच्या आधारे स्थान काढत असाल तर ६७ टक्के कॉलमध्ये ते ५० मीटरच्या आत आणि ९५ टक्के कॉलमध्ये १५० मीटरच्या आत यायला हवे. पुढे २०१९ मध्ये उंचीचाही नियम आला, कारण बहुमजली इमारतीत नकाशावरचा बिंदू बरोबर असूनही मजला कळत नाही. मुंबईत परळ-लोअर परळच्या टॉवरांकडे मान वर करून पाहिले, की या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

फोनला स्वतःची जागा कळते तरी कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण यंत्रणा कुठे फसते, ते त्यावरूनच कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ आहे. उपग्रहाकडून निघालेला संदेश फोनपर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढायचे, आणि अशा किमान चार अंतरांवरून जागा ठरवायची. प्रकाशाचा वेग एवढा आहे, की वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर जागेत ३०० मीटरची चूक होते. शिवाय उपग्रहाचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाची कक्षा नीट कळायला ३० सेकंद लागतात; सगळ्या उपग्रहांची सूची पुरती उतरायला साडेबारा मिनिटे. आपल्या हातातला फोन लगेच जागा दाखवतो, कारण ही माहिती त्याला मोबाइलच्या जाळ्यातून आधीच मिळते. जाळे क्षीण असेल तर तो या आधाराला मुकतो. पत्र्याच्या घरात, सिमेंटच्या इमारतीत, दाट झाडीत तो मुळातच मंद असलेला संदेश आणखी क्षीण होतो. मग फोन शेजारच्या वायफायच्या खुणा पाहतो. तेही नसेल तर उरतो मोबाइलचा टॉवर.

टॉवरवरून काढलेला अंदाज म्हणजे काय, त्याचा हिशेब करू. ग्रामीण भागात एका टॉवरचा पल्ला पाच किलोमीटर धरला, तर त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ७८ चौरस किलोमीटर होते. त्यात पाच-सात गावे, वाड्यावस्त्या, दोन ओढे आणि एखादा डोंगर सहज मावतो. हीच चूक ३० मीटरवर आणली, तर क्षेत्र उरते २८ गुंठे. अठ्ठावीस गुंठ्यांत माणूस हाक मारून सापडतो. फडातल्या त्या बाईसाठी आम्हा तंत्रज्ञांनी एवढे जरी साधले, तरी पुष्कळ झाले.

आणि हे साधता येते. ब्रिटनमध्ये २०१४ साली एक साधी पद्धत प्रत्यक्षात आली. माणसाने ९९९ लावला, की फोन ओळखतो की हा आपत्कालीन क्रमांक आहे. लोकेशन बंद असेल तरी तेवढ्यापुरते चालू करतो, वीस-पंचवीस सेकंदांत मिळेल तितकी अचूक जागा काढतो आणि एका एसएमएसने ती नियंत्रण कक्षाकडे धाडतो. कॉल करणाऱ्याला काही दाबावे लागत नाही, काही उतरवून घ्यावे लागत नाही. २०१६ मध्ये ही सोय अँड्रॉइड फोनमध्ये आली आणि २०१८ मध्ये आयफोनमध्ये. युरोपात त्याच वर्षीच्या ३१ मार्चपासून नव्या बनावटीच्या मोटारींना अपघात होताच आपली जागा स्वतःच कळवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्या १०८ आणि ११२ या दोन्ही क्रमांकांना, प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक कंपनीच्या सिमवर ही सोय पूर्णपणे मिळाली पाहिजे. फोनमध्ये ती बसवलेलीच आहे. काम उरते ते शासन, दूरसंचार कंपन्या आणि नियंत्रण कक्ष यांची जोडणी करून देण्याचे.

इथे माझे एक ठाम मत सांगतो. गेल्या काही वर्षांत आपत्कालीन मदतीची ॲप्स अनेक निघाली. महापालिकांची, पोलिसांची, रुग्णालयांची, आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची. ती करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि कष्टही खरे असतात. पण हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाची बायको त्या क्षणी ॲप शोधत नाही. ती पाठ असलेला नंबर लावते. ऊसतोडीच्या टोळीत एकच फोन असतो, त्यात जागा शिल्लक नसते आणि पॅक संपलेला असतो. ज्या यंत्रणेला रुग्णाच्या घरच्यांनी आधी नोंदणी करावी लागते, ती ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जागा कळवण्याची जबाबदारी घाबरलेल्या माणसावर टाकू नये. ती साध्या कॉलसोबत, साध्या एसएमएसवर, आपोआप गेली पाहिजे. एसएमएसचा आग्रह धरण्याला कारण आहे : डेटा चालत नाही अशा ठिकाणीही तो बऱ्याचदा निघून जातो.

समजा, बिंदू मिळाला. आता त्या बिंदूकडे गाडी कुठली पाठवायची? जवळची, असे कोणीही म्हणेल. पण जवळची म्हणजे कशी मोजलेली? दापोली तालुक्यातले दाभोळ आणि गुहागर तालुक्यातले धोपावे ही गावे वाशिष्ठीच्या खाडीच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत. या काठावरून त्या काठावरची घरे दिसतात. फेरीबोट चालू असेल तर थोड्या वेळात पलीकडे जाता येते. फेरी बंद झाली की रस्त्याने खाडीला वळसा घालून जायचे, म्हणजे कित्येक तासांचा प्रवास. सरळ रेषेत अंतर मोजणारी यंत्रणा समोरच्या तीरावरची गाडी निवडून मोकळी होईल. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला, की पुलावरून पाणी जाते आणि नकाशावरचा रस्ता त्या दिवशी रस्ता राहत नाही. सातारा जिल्ह्यात शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात लाँचशिवाय सोय नव्हती अशी गावे आहेत. नंदुरबारला नर्मदेच्या काठच्या पाड्यांसाठी बोट-रुग्णवाहिका ठेवाव्या लागल्या.

तेव्हा गाडी धाडणाऱ्या संगणकाला अंतर नव्हे, वेळ मोजता आली पाहिजे. तीही आजची वेळ. घाटात दरड कोसळली आहे का, फेरी किती वाजता थांबते, पालखी कुठे मुक्कामी आहे, बाजाराचा दिवस आहे का, आणि पाड्यापर्यंत चाक जाते की शेवटचे दोन किलोमीटर रुग्णाला झोळीतूनच आणावे लागते. यांतली बरीच माहिती कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. ती गाडीच्या पायलटला ठाऊक असते, आशाताईला ठाऊक असते, एसटीच्या चालकाला ठाऊक असते. ही माहिती नोंदवून घेण्याची साधी, रोजच्या वापरातली वाट यंत्रणेत ठेवणे हे माझ्या मते कुठल्याही हुशार गणितापेक्षा मोलाचे काम आहे. आमच्या क्षेत्रात त्याला प्रतिष्ठा मिळत नाही. ती मिळायला हवी.

आणि तरीही एक हिशेब सुटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख आहे. तिला सुरुवातीच्या ९३७ गाड्या वाटल्या, तर एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसे आणि ३२८ चौरस किलोमीटर येतात. जागा तंतोतंत कळली, रस्ता मोकळा मिळाला, तरी हृदय बंद पडलेल्या माणसाकडे गाडी चार मिनिटांत पोहोचत नाही. छातीवर दाब दिला गेला नाही, तर अशा माणसाची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून रुग्ण कुठे आहे हे विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो : हातात कसब असलेला माणूस सर्वांत जवळ कुठे आहे?

स्टॉकहोममध्ये हा प्रश्न विचारला गेला. तिथे छातीवर दाब देण्याचे शिक्षण घेतलेल्या हजारो सामान्य नागरिकांनी आपली नावे नोंदवली. हृदय बंद पडल्याचा कॉल आला, की यंत्रणा रुग्णापासून ५०० मीटरच्या आत असलेल्या स्वयंसेवकांचे मोबाइल शोधून त्यांना कळवायची. हा काळजीपूर्वक केलेला प्रयोग होता : काही प्रसंगी स्वयंसेवकांना निरोप गेला, काही प्रसंगी नाही, आणि दोन्हींची तुलना झाली. ६६७ प्रसंगांचा तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोप गेला तिथे ६२ टक्के रुग्णांना रुग्णवाहिका येण्याआधी कोणी ना कोणी छातीवर दाब दिला होता. निरोप गेला नाही तिथे ४८ टक्के. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांच्या प्रमाणात मात्र दोन गटांत ठाम म्हणता येईल असा फरक त्या अभ्यासात दिसला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण यंत्रणा उभारणाऱ्यांनी आपल्या यशाइतकीच त्याची मर्यादाही लोकांसमोर ठेवली पाहिजे. तरीही मोबाइलच्या निरोपाने अनोळखी माणूस धावून जातो आणि हात लावतो, हे त्या प्रयोगाने पक्के केले.

आपल्याकडे असे जाळे शून्यातून उभे करावे लागणार नाही. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा आहे. तीस हजारांमागे, आदिवासी भागात वीस हजारांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेता येते, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. मदत जवळच्या माणसाच्या हातात देता येते, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. शहरांत परिचारिका, फार्मसीवाले, सुरक्षारक्षक, रिक्षाचालक आहेत. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलायला घाबरण्याचे कायद्याने आता कारण उरलेले नाही. हे अजून सगळ्यांपर्यंत पोहोचलेले नाही, म्हणून इथे पुन्हा सांगतो.

रुग्णाची आणि मदतीची जागा झाली; तिसरी जागा म्हणजे उपचाराची. रुग्ण गाडीत घेतला. आता कुठे न्यायचे? जवळच्या रुग्णालयात, हे उत्तर पुन्हा अपुरे पडते. नाग चावलेल्या माणसाला सुरुवातीलाच प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या लागू शकतात. त्या आज रात्री कुठल्या केंद्रात आहेत, हे गाडी निघण्याआधी कळले पाहिजे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. त्या संशोधनाचे एक मोठेपण असे, की औषध साध्या गोळीच्या रूपात खेड्यातल्या केंद्रात ठेवता येते. औषध रुग्णाच्या जवळ आले, तर गाडीचा अर्धा प्रवास वाचतो.

तमिळनाडूत हृदयविकारासाठी याच विचाराने काम झाले. छोटी रुग्णालये, १०८ च्या गाड्या आणि अँजिओप्लास्टी होऊ शकेल अशी मोठी रुग्णालये एका जाळ्यात बांधली. छोट्या ठिकाणी काढलेला ईसीजी मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञापर्यंत लगेच पोहोचे आणि रुग्णाला कुठे न्यायचे ते ठरे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातल्या मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलेले दिसते. यातला एकही घटक नवा नव्हता. जोडणी नवी होती.

कोविडच्या काळात आपण उलटी बाजूही पाहिली. रुग्णाला मागच्या आसनावर आडवे करून एका रुग्णालयातून दुसऱ्यात हिंडणारी कुटुंबे आठवा. मुंबईत २०२० च्या उन्हाळ्यानंतर २४ प्रभागांत वॉर रूम सुरू झाल्या. खाटांचा फलक संगणकावर होता, पण त्यातला आकडा विश्वासार्ह ठरायचा तो वॉर रूममधला माणूस फोन करून खात्री करत असे म्हणून. यातून मी एक गोष्ट शिकलो : खाट मोकळी असल्याची नोंद जिथे दिवसातून एकदा होते, तिथे नोंद नसलेलीच बरी. चुकीच्या माहितीवर निघालेली गाडी माहिती नसलेल्या गाडीपेक्षा जास्त वेळ गमावते.

खासगीपणाबद्दल दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. कोणाच्या घरून, कोणत्या रात्री, कशासाठी कॉल आला, ही माहिती एखाद्या बाईच्या आयुष्यात किती नाजूक असू शकते, ते सांगायला नको. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने जीव धोक्यात असताना संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. ती मुभा त्या प्रसंगापुरतीच समजली पाहिजे. कॉल संपला, रुग्ण दाखल झाला, की त्याच्या जागेवरची पाळत थांबली पाहिजे. अभ्यासासाठी लागणारी नोंद नावाशिवाय आणि ढोबळ जागेने ठेवता येते. लोकांचा या क्रमांकावरचा विश्वास गेला, तर फोन कितीही अचूक असला तरी उपयोग नाही, कारण ते फोनच करणार नाहीत.

शेवटी श्रोत्यांकडे एक मागणी. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. त्यात देशातल्या प्रत्येक सुमारे चार मीटर बाय चार मीटर तुकड्याला दहा अक्षरांचा स्वतःचा संकेत मिळतो. येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या प्रत्येक वाडीची, वस्तीची, पाड्याची आणि हंगामात पडणाऱ्या प्रत्येक फडाची अशी नोंद करण्याचा ठराव मांडा. यादीत लोकांच्या तोंडी असलेले नाव लिहा, डिजिपिन लिहा, पावसाळ्यात रस्ता बंद होतो का ते लिहा आणि गाडी कुठपर्यंत येते ते लिहा. ग्रामसेवक आणि आशाताईंना सोबत घेतले, तर एका गावासाठी हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. ती यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, १०८ च्या नियंत्रण कक्षाकडे गेली का ते विचारा, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी तपासा. यासाठी कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही.